आधी काय जातं?

"विकून टाक ते धूड," बायको अपर्णा माझ्या जुन्या स्पोर्ट्स कारबद्दल रोज म्हणायची. अशा गाडीचा म्हातारपणी आधी क्लच जातो, मग ब्रेक, एवढं मला ठाऊक होतं. माझ्या गाडीची मात्र गॅरेजमध्ये उभ्या उभ्या बॅटरीच सारखी उतरायला लागली.

शेवटी ट्रुगानिना उपनगरातल्या हरदीप मेकॅनिकला घरी बोलावलं. तो म्हणाला, "भाई, इंजन तो एकदम मस्त है. लेकिन लेफ्टवाली सीट पूरी बैठ गई है. इसमें कोई रहता है क्या?"

सीटच्या फटीतून चकलीचे तुकडे निघाले, तेव्हा माझ्या आईनं कबूल केलं. सुनेच्या कानावर जाऊ नये म्हणून ती रोज दुपारी गाडीत बसून, फोन गाडीच्या स्पीकरवर लावून, नागपूरच्या मावशीशी मन मोकळं करायची.

मी वैतागून अपर्णाला म्हणालो, "तुझंच खरं. विकून टाकू."



"अजिबात नाही, बॅटरी आजच बदल," गॅरेजच्या भिंतीला लागून असलेल्या किचनमधून ती म्हणाली. "काल आई माझ्यावर घसरल्या, मावशी त्यावर बोलणार, आणि नेमका तेव्हाच आवाज गेला."