तिसरी हाक

“हवालदार सर्जेराव निकम,” सुभेदारांनी पहिली हाक दिली. सर्जेरावाने ओठ घट्ट मिटले.

राखीव पलटणीचा हा जुना रिवाज होता. परदेशातल्या तैनातीच्या करारावर सही झालेली असली, तरी निघायच्या सकाळी मैदानात हजेरी व्हायची. तिसऱ्या हाकेपर्यंत जो ओ देणार नाही, त्याचा करार रद्द. “तुम्ही फक्त गप उभं राहायचं,” सहा महिन्यांच्या लेकीला खांद्यावर थोपटत बायकोने बजावलं होतं.

दुसरी हाक आली, तसा त्याला हणमंत आठवला. परेडला सर्जेरावाला उशीर झाला की हणमंत आधी बारीक खोकायचा आणि त्याच्या नावाने खुशाल ‘हाजिर’ म्हणून टाकायचा. गेल्या तुकडीबरोबर तो पुढे गेला. “तू ये मागनं,” म्हणाला होता. तिकडच्या वाळवंटात सुरुंग फुटला आणि घरी नुसती त्याची ट्रंक आली.

तिसरी हाक. सर्जेराव बुटांकडे बघत राहिला.

मागून कुणीतरी बारीक खोकलं. “हाजिर, साहेब.”

सुभेदारांनी कागदावर खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. सर्जेरावाने वळून पाहिलं. तो स्वतःच शेवटच्या रांगेत होता. मागे उन्हात रिकामं मैदान पसरलं होतं. तो मी नव्हतो, असं सांगायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात कानाशी वाळूसारखा कोरडा, गरम श्वास लागला.

“चल की गड्या. एकट्याला करमत नाही तिथं.”