भावाचा तराफा

गावाचा पहिला नगराध्यक्ष आणि आता प्रांताचा आमदार झालेला ड्युगल्ड राजधानी विनिपेगहून आगगाडीने परतला. गाव नदीपलीकडे, आणि नदी ओलांडायला धाकट्या भावाचाच तराफा. कालच ड्युगल्डने विधानसभेत पूल मंजूर करून घेतला होता. भावाचं पोट त्या तराफ्यावर होतं. ड्युगल्डला बसवेना, तो येरझाऱ्या घालत राहिला. “बस की दादा, तराफा हलतोय,” दोन्ही काठांना बांधलेला दोर ओढत लॉकलन म्हणाला. “पूल मंजूर झालाय.” “सकाळीच तार आली.” “मग शिव्या तरी घाल.” दोर ओढतच लॉकलन म्हणाला, “एप्रिलात वहिनी आजारी, आणि नदीवरचा बर्फ फुटत होता. डॉक्टर त्या काठावरून हाका मारत होता, मी तराफा काढला नाही. वहिनी गेली.” “कोणीच काढला नसता.” “म्हणूनच पूल हवा.” काठाला लागल्यावर तराफा बांधून लॉकलनने भावाची बॅग उचलली आणि वहिनी गेल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या घराची चढण धरली.