कातळातला डबा

मोबाइलवरचा बाण काळ्या कातळाच्या फटीपाशी थांबला आणि तिथं डबा सापडला. हा खेळच तसा. कुणीतरी डबा लपवतं, इतरांनी तो शोधायचा, आतली एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची आणि डबा जागच्या जागी परत लपवायचा.

सासूबाई नाइलाजानं आल्या होत्या. अमेरिकेत येऊन महिनाही झाला नव्हता, तोवर परतीच्या तिकिटाचा धोशा सुरू. हिमयुगात बर्फाचा बांध फुटून आलेल्या पुरानं इथली माती खरवडून नेली, हे मी सांगत होते तेव्हाही त्या घड्याळच पाहत होत्या. डबा पाहून मात्र बोलल्या, "शी, किती कळकटलाय. दे, मी ठेवते."

घरी आल्यावर पाहते तर डबा सिंकमध्ये, फेसात बुडालेला.

"अहो आई, तो तिथंच ठेवायचा होता."

"असा मळका?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच चढ चढलो. फटीपाशी एक म्हातारं गोरं जोडपं डबा शोधून शोधून हिरमुसलं होतं. सासूबाईंनी पिशवीतून लखलखीत डबा काढून पुढं केला. आजींनी उघडला, तर आत सासूबाईंनी विणलेला क्रोशाचा रुमाल. तो त्यांनी गालाला लावला आणि सासूबाईंना मिठीच मारली.

उतरताना सासूबाईंनी विचारलं, "असे अजून किती डबे असतील गं इथं?"

"पुष्कळ."

"सगळे असेच मळके?"

"बहुतेक."

त्यांनी ओढणी कमरेला खोचली. "मग तिकिटाचं राहू दे सध्या."