खांबावरची पेटी

मंगळवारी दुपारी दोन चाळीसला हुसेन अकोटजवळच्या एका गावात एसटीतून उतरला. शेअर बाजार बंद व्हायला पन्नास मिनिटं होती.

हुसेन वीज मंडळातला निवृत्त लाइनमन. साल २००७. ग्रॅच्युइटीतले दीड लाख त्याने एकाच कंपनीच्या शेअरमध्ये घातले होते. विजेच्या तारेतूनच गावोगाव इंटरनेट नेणार, शेतकऱ्याला कापसाचा भाव घरबसल्या दाखवणार, असं कंपनी सांगत होती. दुसरं काही असतं तर त्याने खिशात हात घातला नसता. पण तीस वर्षं तो खांबांवर चढला होता. तारेवर त्याचा भरवसा होता.

तीस रुपयांचा शेअर एकावन्नावर गेला. अकोल्याचा दलाल स्वप्निल म्हणत होता, अजून घ्या. इकडे मुलीच्या, आरजूच्या डी.एड.च्या प्रवेशाचे पैसे पुढच्या आठवड्यात भरायचे होते. विकावं की थांबावं? तीन दिवस घास गोड लागला नव्हता. म्हणून कंपनीचा प्रयोग डोळ्यांनी पाहायला तो आला होता.

शाळेत गर्दी होती. मागे जनरेटर धडधडत होता. लोडशेडिंगच्या वेळी त्यात नवल नव्हतं. पडद्यावर कापसाचे भाव झरझर उमटले. टाळ्या पडल्या. हुसेनचा जीव भांड्यात पडला.

बाहेर आल्यावर सवयीने तो ट्रान्सफॉर्मरखाली थांबला. कान दिला. गुणगुण नाही, म्हणजे तारेत वीजच नाही. वर पाहिलं. तारेतलं इंटरनेट शाळेत उतरवायला कंपनीने खांबावर बसवलेल्या पेटीचा दिवा विझलेला होता.

मुख्याध्यापिका ज्योत्स्नाताई व्हरांड्यात उभ्या होत्या.

"ताई, पेटी तर बंद हाय. मंग थे भाव कुठून येऊन राह्यले?"

"टेलिफोनच्या वायरीतून. आज साहेबलोक येणार होते ना! पेटी तर बसवल्यापासून एकदाही चालली नाही, चाचा."

तीन वाजून बारा मिनिटं झाली होती. त्याने स्वप्निलला फोन लावला.

"सगळे विकून टाक. आत्ताच्या आत्ता."

"काहून चाचा? काल तर थांबाच्या गोष्टी करून राह्यले होते तुमी! उन्ह लागलं का?"

"इक म्हणतो ना!"

पलीकडून कीबोर्डवर बोटं आपटल्याचा आवाज आला.

"चाचा... ऑर्डर टाकली. पण गेली का नाही, थे दिसायच्या आतच लाइट गेली. इन्व्हर्टर सकाळीच बंद पडला. केव्हा येईन लाइट?"

तीस वर्षं लोकांनी हुसेनला हाच प्रश्न विचारला होता. तीस वर्षं त्याचं उत्तर ठरलेलं होतं, येईन थोड्या वेळात. आज त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

साडेतीनला बाजार बंद झाला. अकोल्याची लाइट तोवर आली नव्हती.