शहामृगाचे पंख

"हुकमात 'सर्व पक्षी' लिहिलंय, रावजी. सर्व म्हणजे सर्व," कुंपणाबाहेर छत्री धरून उभे असलेले नवे अधीक्षक म्हणाले.

गेल्या आठवड्यात प्राणिसंग्रहालयातले चार पोपट उडून गेले आणि वरून पंख छाटायचा हुकूम आला. वीस वर्षं पक्षी सांभाळणारा रावजी आता मोठी कात्री घेऊन शहामृगाच्या कुंपणात उभा होता. समोर नर फुत्कारत होता. त्याची एक लाथ बसली असती, तर बरगड्यांचा चुराच.

"साहेब, हा उडत नाही हो."

"मग त्याला पंख हवेत कशाला? छाटा, नाहीतर उद्यापासून कामावर येऊ नका."

रावजी एक पाऊल पुढे सरकला. नराने दोन्ही पंख पसरले. पण नर जागचा हललाच नाही. मे महिन्याच्या उन्हात चोची वासून धापा टाकणारी सात पिल्लं त्याच्या पंखांखाली दाटीवाटीने शिरत होती.

रावजी हळूहळू मागे आला आणि त्याने कुंपणातून हात बाहेर काढला.

"छाटतो, साहेब. आधी तुमची छत्री इकडे द्या."