हाताची डाळ

तुळसाबाईच्या सुनेनं, दीपानं, चहाचा कप पुढे केला आणि अर्पिताची नजर नेमकी तिच्या खांद्यावरून स्वयंपाकाच्या फळीवर गेली. फळीवर चहापत्तीचं लाल पाकीट होतं. तेच, यादीत पहिल्या नंबरावर असलेलं.

यादी अर्पितानंच केली होती. कोणत्या कंपनीच्या मळ्यात बायांना धड मजुरी मिळत नाही, कोणती कंपनी गावाचं पाणी उपसून बाटल्या भरते, हे तिनं शोधून काढलं होतं आणि यवतमाळातल्या साठ घरांना त्या वस्तू सोडायला लावल्या होत्या. नवऱ्याची बिस्किटंसुद्धा बंद झाली होती. आज ती बोरी अरब गावी आली होती ती या साठ घरांची वर्षाची तूरडाळ ठरवायला. कंपनीची नको, पॉलिशची नको. तुळसाबाईच्या बचत गटातल्या बाया घरच्या जात्यावर भरडतात, ती हवी. साठ घरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कालच तिनं टाकलं होतं, 'आपली डाळ, बायांच्या हाताची डाळ.'

डाळ पसंत पडली होती. गटातल्या अकरा बायांना वर्षभर काम मिळणार होतं, बोलणं ठरल्यासारखंच होतं. राहिला होता तो हा चहा.

"नको काकू, आत्ताच झाला," अर्पिता तुळसाबाईला म्हणाली.

पहिल्याच भेटीत लोकांच्या फळीवरच्या पाकिटाबद्दल काय बोलायचं, एवढाच तिचा विचार. खोटं तसं लहानच होतं.

"कुठं झाला जी?" तुळसाबाई हसली. "एसटीतून उतरल्या आन् सीध्या इकडंच तं आल्या तुमी. घ्या, अद्रक टाकून केला दीपानं."

"खरंच नको. आज नको."

तुळसाबाई हसतच होती, पण आता ते हसणं नुसतं तोंडावर होतं. तिनं भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे पाहिलं, मग अर्पिताकडे.

"तुमी कळंबकडच्या गावंडे ना जी?"

"हो. का?"

"काई नाई. इचारलं." मग सुनेला म्हणाली, "दीपा, ने तो कप. विक्कीच्या दुकानातून थंड्याची बाटली आण. सीलवाली पाहून आणजो."

अर्पिता नको नको म्हणेपर्यंत दीपा गेली आणि आलीसुद्धा. बाटली स्टुलावर ठेवून ती बाजूला सरकली.

"गिलास नाई देत जी," तुळसाबाई म्हणाली. "बाटलीलेच तोंड लावा. आन् झाकण तुमीच खोला."

तेव्हा कुठे अर्पिताच्या डोक्यात प्रकाश पडला. आत्ताच झाला, आज नको. हे शब्द तिचे नव्हतेच. तिची आई शेतातल्या मजुराच्या घरी लग्नाला गेली की मांडवाच्या कडेला उभी राहून अगदी असंच म्हणायची, अगदी याच गोड आवाजात. लहानपणी तिला त्या आईची लाज वाटायची.

"काकू, तसं नाई हो!" तिच्या तोंडून घरची बोली निघाली. "मी तसलं काई मानत नाई. त्या चहाची कंपनी वाईट हाय. तिकडं मळ्यात बाया काम करतात, त्यायले धड मजुरी देत नाई, म्हून मी तो चहा..."

बोलता बोलता तिला स्वतःचंच ऐकू येऊ लागलं. कुठल्या तरी डोंगरावरच्या, कधी न पाहिलेल्या बायांसाठी ती या समोरच्या बाईच्या घरचा चहा परत पाठवत होती. वाक्य तिनं अर्धंच सोडलं.

"हो जी," तुळसाबाई समजूतदारपणे म्हणाली. तिनं अशी कारणं पुष्कळ ऐकली होती, त्यात हे एक नवं. "कोनाले उपास रायते, कोनाले शुगर रायते. तुमचं कंपनीचं."

"दीपा, तो कप आण. मी पेतो," अर्पिता म्हणाली.

"म्या पेला, मॅडम," दीपा म्हणाली. "वाया कायले घालाचा?"

"मग दुसरा कर. अर्धा कर."

"राहू द्या जी," तुळसाबाईनं हात जोडले. "जबरदस्तीनं नका पेऊ. आमाले राग नाई."

राग असता तर बरं झालं असतं. अर्पिताला तिथून उठून जावंसं वाटलं, पण तसं जाणं म्हणजे आणखी वाईट. काही तरी चांगलं बोलायचं म्हणून ती घाईघाईनं म्हणाली, "डाळीचं मात्र पक्कं, काकू. साठही घरांची डाळ तुमच्याकडूनच."

तुळसाबाईनं तिच्याकडे पाहिलं, मग न उघडलेल्या बाटलीकडे. त्या चहासारखंच अकरा बायांचं वर्षभराचं कामही या बाईच्या मनात अडकून बसलं आहे, असं तिला वाटलं असावं. ती जराशी पुढे सरकली आणि आवाज खाली आणून म्हणाली,

"घ्या जी, बिनधास्त घ्या. तुमच्या लोकायले सांगा, मशीनची हाय. आमच्या बायायचा हातही लागत नाई तिले."

जातं तिथंच कोपऱ्यात होतं, भोवती पिवळा भरडा सांडलेला. दीपानं एकदा सासूकडे पाहिलं आणि खुंट्यानं फोड आलेले दोन्ही हात पदराखाली घेतले.