आपलं सॉफ्टवेअर

धाकट्या भावाच्या शब्दाखातर ताईने चांगली नोकरी सोडली होती. "चार स्लाइड दाखवायलाही माणसाने पैसे का मोजावेत? तू बनव, मी घरोघर पोचवतो," असं तो म्हणाला आणि ती कंबर कसून बसली. जेवणाच्या टेबलावर तिने स्लाइड बनवायचं फुकटचं सॉफ्टवेअर घडवलं आणि पुढे वर्षानुवर्षं लोकांच्या तक्रारी ऐकत त्यातली एकेक चूक निस्तरत राहिली.

आज त्याला दहा वर्षं झाली म्हणून सभागृह खच्चून भरलं होतं. भाऊ मोठ्या पडद्यावर स्लाइड दाखवत सॉफ्टवेअरची जन्मकथा रंगवून सांगत होता. ताईचं नाव आलं तेव्हा टाळ्या थांबेनात आणि पहिल्या रांगेत बसलेल्या तिचे डोळे भरून आले. मग शेवटची स्लाइड संपली आणि पडद्यावर उघडं राहिलं ते बड्या कंपनीचं विकतचं सॉफ्टवेअर. टाळ्यांच्या नादात ते फक्त तिच्याच लक्षात आलं.

गर्दी पांगल्यावर तिने हळूच विचारलं, "स्लाइड आपल्या सॉफ्टवेअरमध्ये का नाही केल्यास रे?"



लॅपटॉपची वायर गुंडाळत तो म्हणाला, "अगं ताई, आपलं लोकांसाठी ठीक आहे. आज माझ्या अब्रूचा प्रश्न होता."